थारोळं दिसलं की गळ वर

मी मासे खात नाही, ही गोष्ट आमच्या ओळखीत सगळ्यांना ठाऊक आहे. जेवणावळीत कुणी माझ्या ताटात तुकडा वाढायला लागलं की शेजारची बाई आपणहून सांगते, "त्यांना नको, त्या मासळीला शिवत नाहीत." नव्या लोकांना वाटतं, बाईंनी माळ घातली असावी. मी बौद्धाची लेक, माळ कसली घालते? मटण चालतं, कोंबडी चालते, अंडं तर रोज चालतं. मासा तेवढा नाही. तीस वर्षांहून जास्त काळ मी हे पाळलं, आणि रागानं पाळलं. राग नवऱ्यावरचा होता. लोकांचे राग चार दिवसांत निवतात. माझा निवला नाही, कारण मी तो निवू दिला नाही.

आता त्या रागाचं काय करावं ते समजत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या एका फाट्यापासून आत चालत गेलं की माझं माहेरचं गाव लागतं आणि गावाच्या अलीकडे तळं. तळं बहात्तरच्या दुष्काळातलं. सरकारनं दुष्काळी काम काढलं, गावानं माती वाहिली. माझ्या मायनंही सुकडी खाऊन दिवस दिवस टोपल्या उचलल्या, आणि दोन टेकाडांच्या मध्ये बांध उभा राहिला. बांधाच्या पोटात जी जमीन गेली तिच्यात एक विहीर होती. गावातल्या बड्या घराची, घडीव दगडाची, मोटेची. मोटेचं पाणी ज्या दगडी हौदात ओतलं जातं त्याला थारोळं म्हणतात. त्या विहिरीवर आमच्या लोकांना पाऊल टाकायची बंदी होती. माझी आजी थारोळ्यापासून चार हात लांब घागर ठेवून उभी राहायची. वरच्या कुणाला दया आली तर घागर भरायची, नाही आली तर आजी तशीच परत यायची. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा तिच्या लुगड्याचा पदर धरून उभे असायचे.

ती विहीर तळ्यात बुडाली. तळं काठोकाठ भरलं तेव्हा गावानं नारळ फोडला. आबांनी वेळूची एक काठी तासली, तिला नायलॉनचा दोरा आणि गळ बांधला, आणि जिथं पाण्याखाली विहीर होती तिच्या बरोबर समोर बांधावर जाऊन बसले.

आबा एसटीत कंडक्टर होते. सगळा आठवडा उभ्यानं नोकरी करायची आणि रविवारी बसून मासे धरायचे, हा त्यांचा शौक. पोटापाण्याशी त्याचा संबंध नव्हता. कित्येक रविवार ते हात हलवत परत यायचे आणि तरी खुशीत असायचे. मी शाळेत असताना एकदा विचारलं होतं, "आबा, तुम्हाला तिथं कुणी उठवत न्हाई का?"

"सरकारी पानी हाय," आबा म्हणाले. "सरकारी पान्यावर कोन बी बसावं. मला कोन उठवतो?"

ते वाक्य ते मान ताठ करून बोलले. मला त्यांची ती मान फार आवडायची.

मला भाऊ नाही, म्हणून गळ माझ्या हातात आला असं लोक म्हणत. तसं काही नव्हतं. भाऊ असता तरी मी त्याच्या हातून काठी ओढून घेतली असती. शनिवारी संध्याकाळी करडीची पेंड आणि चिकणमाती मळून तिचे गोळे आपल्या जागेवर टाकायचे, म्हणजे मासे तिथं चरायला येतात. ज्वारीच्या ताटाचा बोटभर तुकडा दोऱ्याला बांधायचा. तो पाण्यावर तरंगत असतो, आणि बुडाला की समजायचं, पाहुणा आला. रोहूला कणकेची गोळी, वामेला गांडूळ, मरळीला जिवंत बेडकी. मरळ आपल्या पिल्लांचा घोळका सांभाळत फिरत असली तर तिच्यापुढे गळ टाकायचा नाही. हे सगळं मला शाळा संपायच्या आधी येत होतं. गावातल्या बाया मायला म्हणायच्या, पोरीला गळ शिकवला, आता नांगर कधी शिकवता? माय म्हणायची, बैल मिळाला की शिकवू.

हळूहळू रविवारची मंडळी जमली. गावातला शिंपी, दवाखान्यातला कंपाउंडर, फाट्यावरचा चहावाला. पुढे पुढे त्या बड्या घरातले एक काकासुद्धा येऊन बसायला लागले, आणि आबांकडून पेंड मागून घ्यायला लागले. आबा कंडक्टरच्या आवाजात म्हणायचे, "बसून घ्या, बसून घ्या, लई जागा हाय." सगळे हसायचे. काकाही हसायचे.

या मंडळींचा एक नियम होता आणि तो आबांनी घातलेला होता. थारोळं दिसलं की गळ वर. पाऊस कमी पडला की उन्हाळ्यात तळं आटत जायचं आणि एक दिवस त्या विहिरीचं थारोळं पाण्याबाहेर डोकं काढायचं. मग तळ्यातले उरलेसुरले मासे विहिरीत उतरतात. तिथं ते दाटीनं राहतात आणि हातानंही धरता येतात. पण ते पुढच्या पाण्याचं बी असतं. बी खाल्लं तर पेरायचं काय? म्हणून थारोळं दिसलं त्या रविवारी सगळे आपापल्या काठ्या आणून आबांच्या हवाली करायचे. आबा त्यांची मोळी सुतळीनं बांधून आमच्या घरात आढ्याला टांगायचे. नवं पाणी येईपर्यंत काठ्या तिथंच. त्या काळात विहिरीत कुणी दोरासुद्धा सोडला नाही. ज्या विहिरीपासून आजीला चार हात लांब उभं केलं होतं, तिची राखण सगळ्या गावानं आबांवर सोपवली होती. मला वाटतं, आबांना आयुष्यात मिळालेला सगळ्यात मोठा मान तोच होता.

माझं लग्न नांदेडच्या मुलाशी झालं. हुंडा नाही, मानपान नाही, विहारात वंदना घेऊन साधं लग्न. तो कारकून, मी मास्तरीण. माझी शाळा कंधार तालुक्यात, आणि राहायला कंधारात किल्ल्याच्या बाजूला एक खोली. आमचं बरं चाललं होतं. मग लातूर वेगळा जिल्हा झाला. फाट्यावर गुलाल उडाला, चहावाल्यानं फुकट चहा पाजला. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या लागतात आणि कचेऱ्यांना कारकून लागतात. माझ्या नवऱ्याची रवानगी लातूरला झाली. कंधार राहिलं नांदेडात. जिल्ह्याची शीव बरोबर आमच्या चुलीवरून गेली म्हणा ना.

एका जिल्ह्यातल्या मास्तराला दुसऱ्या जिल्ह्यात जायचं म्हणजे दोन्हीकडचे साहेब राजी लागतात. तोवर नवरा लातुरात, मी कंधारात, आणि आमची तान्ही लेक गावी मायकडे. एका घराच्या तीन चुली. शनिवारी तो अर्ध्या दिवसाची कचेरी करून गावी यायचा, मी रविवारी सकाळच्या गाडीनं यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. लेक बोलायला लागली तेव्हा तिनं आजीला माय म्हटलं, आणि मला, शाळेतली पोरं म्हणतात तसं, बाई. मी हसले. फाट्यावर येऊन एसटीत बसले आणि कंधार येईपर्यंत रडले. मला पोचवायला आलेले आबा खिडकीखाली उभे होते. 

मी अर्ज केले. नांदेडला गेले, लातूरला गेले, व्हरांड्यातल्या बाकांवर दिवस काढले. लोक म्हणायचे, कुणाला तरी धरा, नुसत्या अर्जानं काही होत नाही. मी ऐकलं नाही. धरायचं ते कुणाला, आणि कशासाठी? शेवटी एका साहेबांपुढे उभी राहून मी म्हटलं, "साहेब, मी मेहेरबानी मागायला आले नाही. नियमात बसतं तेवढं द्या." साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि "बघू" म्हणाले. ते कोणत्या खुर्चीवरचे, ते सांगून आता काही उपयोग नाही. त्या एका वाक्याचा मला मात्र फार अभिमान वाटला. परतीच्या गाडीत मी ते मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं.

त्याच सुमाराला पाऊस रुसला. एक साल गेलं, दुसरं गेलं. होळीच्या आधीच थारोळं दिसलं. आबांनी काठ्या गोळा करून आढ्याला टांगल्या. रविवारी आम्ही दोघं नुसते बांधावर जाऊन बसायचो. तळ्याचं मैदान झालं होतं, चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि मधोमध ती विहीर. आबा कडेला जाऊन वाकून बघायचे. खाली हिरव्या पाण्यात काळी पाठ हलायची. "मरळी हायत," ते म्हणायचे. "मोठ्या झाल्या. नवं पानी आलं की बघ." तळ्यात उद्या मासा असणार की नाही ते सगळं आता त्या विहिरीत होतं.

एका रविवारी मी फाट्यावर उतरले, तर चहावाल्यानं मला बघून किटलीत तोंड घातलं. नेहमी हाक मारणारा माणूस. मी तळ्याकडं गेले. लांबूनच दिसलं की चिखल तुडवला गेलाय. जीपच्या चाकांच्या खुणा बांधाखालून थेट विहिरीपर्यंत गेल्या होत्या. थारोळ्यावर डिझेलचा काळा डाग होता. कुणीतरी इंजिन बसवून विहीर उपसली होती. तळाशी गुडघाभर गाळ, गाळावर तेलाचा तवंग, आणि कडेला बोटाएवढी पिल्लं उन्हात वाळून पडली होती. दगडांना खवले चिकटले होते. मला वाटलं, आबांना हे बघवणार नाही. मला पहिला विचार त्यांचाच आला.

घरी आले. अंगणात माय आबांची खाकी प्यांट दगडावर घासत होती. गुडघ्याच्याही वर चिखल होता. मी समजले, आबा गाळात उतरून काही वाचलंय का ते बघून आले. आत नवरा बाजेवर लेकीला घेऊन बसला होता. आबा भिंतीला टेकून खाली बसले होते. वर आढ्याला काठ्यांची मोळी टांगलेली होती.

"विहीर कुणी उपसली?" मी विचारलं.

नवऱ्यानं आबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मी," तो म्हणाला. "काल. गाव बाजाराला गेलं होतं."

"का?"

"साहेबांना मरळ लई आवडते. या दुष्काळात लातुरात कुठं भेटून नाही राहिली. त्यांच्याकडं पाहुणे येणार होते."

"मग?"

"मग काय. खूश झाले तर टेबल बदलून देतील."

तो हे इतक्या सरळ बोलला की मला आधी कळलंच नाही. टेबल. एका टेबलासाठी यानं आबांची राखण मोडली. माझ्या तोंडून काय काय गेलं ते मी इथं लिहीत नाही. जावयाला कुणी हटकणार नाही, याचा यानं फायदा घेतला, हे मी म्हटलं. खाल्ल्या घरचे वासे मोजले, हेही म्हटलं. तो ऐकत राहिला. लेक घाबरून रडायला लागली तेव्हा आबा बोलले.

"जाऊ दे बाई. पाव्हण्याला बोलू नको. मासेच तर हायत."

आबांनी असं म्हणावं, हे मला फार मोठं वाटलं. ज्याचं सगळं गेलं तो माणूस घरच्या जावयाची लाज राखतो आहे. त्या क्षणी आबा माझ्या नजरेत आभाळाएवढे झाले आणि नवरा मातीमोल.

माय जेवायला वाढायला लागली. कालवण मरळीचं होतं, साहेबांच्या वाट्यातून उरलेलं. मी ताट सरकवलं. म्हटलं, "मी या जन्मात मासा खाणार नाही." आबांचा घास हातात थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, खूप वेळ बघितलं. मग मान खाली घातली आणि ताटातलं सगळं खाल्लं. मी मनात म्हटलं, जावयाचा अपमान नको म्हणून गिळताहेत.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी, शाळा उघडायच्या आत, माझ्या बदलीचा हुकूम आला. लातूर. मी तो हुकूम नवऱ्यापुढे धरून म्हटलं, "बघा. काही न पोचवता आला. नियमात बसतं ते मागितलं आणि मिळालं." तो म्हणाला, "तुझी गोष्टच वेगळी." आम्ही दाळमिलच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. चुरीची धूळ भांड्यांवर बसायची, पण चूल एक झाली. लेकीला चार महिने लागले, मग एक दिवस तिनं मला आई म्हटलं. मी खूप सुखात होते. नवऱ्याला टेबल काही बदलून मिळालं नाही. मी येताजाता टोमणा मारायची, "विहीर विकून काय आणलंत, तर तीच मोडकी खुर्ची." तो वर्तमानपत्र वर धरायचा.

पुढच्या साली पाऊस झाला. तळं भरलं, थारोळं बुडालं. रविवारी मंडळी आमच्या घरी आली आणि आबांनी मोळी सोडली. शिंपी म्हणाला, तुमचा काय दोष कंडक्टर, जावयापुढं कुणाचं चालतं. कंपाउंडरनंही तसंच काही म्हटलं. बड्या घरातल्या काकांनी आपली काठी उचलली, उंबऱ्यापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "विहीर आमची व्हती. राखन तुमची व्हती." आबा रिकामी सुतळी गुंडाळत राहिले. मी तिथं होते. मला काकांचा असा संताप आला की वाटलं, आजीच्या घागरीची आठवण करून द्यावी. पण आबांनी हातानं मला गप्प केलं.

नंतर मंडळी फुटली. कुणी दुसऱ्या तळ्यावर जायला लागलं, कुणी शौकच सोडला. आबा मात्र रविवार चुकवत नव्हते. पाणी होतं, पाण्यात बेडक्या होत्या, शेवाळ होतं. मासा नव्हता. ते पेंडीचे गोळे टाकायचे, गळ टाकायचे आणि ज्वारीच्या ताटाचा तुकडा बघत बसायचे. तो कधी हलायचा नाही. मी लातूरहून जायची तेव्हा शेजारी बसायची.

"लागलं का काही?"

"न्हाई."

एवढंच आमचं बोलणं. पूर्वी ते माझ्याकडं बघून बोलायचे, आता पाण्याकडं बघून बोलायचे. मी समजायची, दुःख आहे. मी भाकरी बांधून न्यायची, त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची, आणि परत येऊन नवऱ्याला दोन जास्तीचे शब्द ऐकवायची. वर्षं अशी गेली. कुणीतरी पुढे तळ्यात दुसरं बी सोडलं म्हणतात, पण तोवर आबांना दिसेनासं झालं होतं. ते गेले तेव्हा मी त्यांची काठी लातूरला आणली आणि बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगायची, ही एका सच्च्या माणसाची काठी.

मी निवृत्त झाले तेव्हा शाळेनं छोटा समारंभ केला. मी भाषणात बदलीची गोष्ट सांगितली. नव्या शिक्षिकांनी ऐकावी म्हणून जरा रंगवूनच सांगितली. मी कुणाचे पाय धरले नाहीत, कुणाला काही पोचवलं नाही, साहेबाच्या डोळ्यात बघून नियमाचं मागितलं आणि मिळवलं. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत माय आणि नवरा शेजारी शेजारी बसले होते. त्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मला ते दिसलं होतं. वाटलं, कौतुकानं बघितलं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. माय आमच्याकडे राहायला होती. गावचं तळं पार कोरडं पडलंय आणि थारोळं उघडं झालंय असं कुणीतरी फोनवर सांगितलं, तेव्हापासून तिला मरळ खावीशी वाटत होती. नवऱ्यानं बाजारातून बर्फातली एक आणली. साफ मी करत होते. मी खात नाही म्हणून काय झालं, मायला राखेनं मासा घासता येईल असे तिचे हात राहिले नव्हते. ती शेजारी पाटावर बसून बघत होती.

"बारकी हाय," ती म्हणाली. "बदलीच्या मरळी केवढ्या व्हत्या. हातभर एकेक."

"कसल्या बदलीच्या?"

"तुझ्या. दुसऱ्या कुनाच्या?"

मी हात थांबवला. मायच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ती भाजी महागली म्हणावं तशी बोलत होती.

"माझ्या बदलीचा आणि मरळीचा काय संबंध?"

आता ती थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिला काहीतरी उमगलं असावं. "तुला न्हाई ठावं?" ती म्हणाली. "इतक्या वर्सांत पाव्हण्यानं सांगितलं न्हाई?"

मग तिनं सांगितलं. मी सांगायला लावलं. ते साहेब नवऱ्याच्या कचेरीतले नव्हतेच, माझ्या बदलीवर सही करणारे होते. साहेबांचा ड्रायव्हर आबांच्या गाडीनं जायचा-यायचा. त्याच्याकडून आबांना कळलं की साहेबांच्या घरी पाहुणे आहेत आणि साहेब मरळीसाठी जीव टाकतात. आबांनीच निरोप धाडला. आबांनीच शनिवार बघितला, गाव बाजाराला जातं म्हणून, आणि त्या दिवसाची रजा काढली. नवरा दुपारी कचेरीतून आला तेव्हा इंजिन सुरू झालं होतं. तो नको म्हणाला. आबा त्याला म्हणाले, "लेकरू आईला बाई म्हनतंय. मी माशाची राखन करू का लेकराची?"

"पानी उपसलं तरी मरळी गाळात शिरल्या व्हत्या," माय म्हणाली. "ड्रायव्हर काही उतरंना. तुझा आबाच उतरला. हातानं काढल्या त्यानं एकेक."

दगडावर घासलेली ती खाकी प्यांट मला आठवली.

"आन् तुला सांगायचं न्हाई असं त्यानंच ठरिवलं. इचारलं तर म्या केलं म्हना, असं पाव्हण्याला म्हनला. तुला ते खपलं नसतं. तू हुकूम फाडला असता."

"फाडलाच असता," मी म्हटलं.

"मग. पन तू मासा सोडलास, तवा त्याला वाटलं तुला कळलं. कळलं, आन् तू बोलून दाखवंना. मरेस्तोर त्याला त्येच वाटलं. म्हनायचा, लेक शेजारी येऊन बसती, पाठीवर हात फिरवती, पर माशाला शिवत न्हाई. माफी न्हाई म्हनायचा."

मी मासा तिथंच टाकून उठले. हात धुतले, तरी वास गेला नाही. बैठकीच्या खोलीत नवरा टीव्हीवर रेल्वेच्या पाण्याची बातमी बघत होता. त्याच्या डोक्यावर भिंतीला आबांची काठी होती.

"माझी बदली मरळीवर झाली," मी म्हटलं.

त्यानं आवाज कमी केला. स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. "सांगितलं का मायनं?"

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"मामांनी शब्द घेतला होता."

"मामा जाऊनही वर्षं झाली. आणि मी तुम्हाला इतकी वर्षं बोलत राहिले ते?"

"लग्नात हुंडा घेतला नव्हता," तो म्हणाला. "तुझी बोलणी त्यात धरली."

तो हसला. एरवी मीही हसले असते, माणूस मुळात वाईट नाही. पण मला हसू आलं नाही. मनात आलं ते असं की काठी भिंतीवरून काढून मोडावी, आणि हेही की नवऱ्याचे पाय धरावे, आणि दोन्ही मी केलं नाही. तीस वर्षं मी एकाला चोर म्हटलं आणि एकाला साधू, आणि दोघांनी मला तसं म्हणू दिलं. माझ्या मागे तिघांचं मिळून एक घर होतं आणि त्यात मी नव्हते. समारंभात टाळ्या वाजवल्या त्यांनी. आबांना निदान वाटत होतं की मला कळलंय. या दोघांना तर माहीत होतं की मला काही कळलेलं नाही.

लोक म्हणतील, तुझ्यासाठीच केलं ना? केलं. लेकीनं मला आई म्हटलं ते त्या मरळींच्या जिवावर, हे मी नाकारत नाही. आबांनी आपला सगळ्यात मोठा मान माझ्यासाठी गाळात घातला, ज्या विहिरीजवळ त्यांच्या आईला उभं राहू दिलं नाही तिच्यात उतरून घातला. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, ते मला सांगता येणार नाही. पण ज्या एका गोष्टीवर मी आयुष्यभर ताठ मानेनं उभी होते ती माझी नव्हतीच, आणि हे माझ्याखेरीज घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी मायनं मासा कसाबसा घासून मरळीचं कालवण स्वतःच केलं. जेवताना तिनं माझ्या ताटाकडं वाटी सरकवली आणि म्हणाली, आता तरी खा. मी खाल्लं नाही. आता राग नवऱ्यावरचा नव्हता, एवढाच फरक. बदली मला हवी होती. पण असं करू का म्हणून मला विचारलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं. हे तिघांनाही पक्कं माहीत होतं, आणि म्हणून तर मला कुणी विचारलं नाही.